गोळी सुरू झाल्यानंतरचे पहिले आठवडे

दहावीपर्यंत पेठेतल्या तालमीच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळणारा माझा मुलगा अकरावीत गेला आणि त्याचे बूट जिन्याखाली पडले ते पडलेच. तळाचा चिखल वाळून खडखडीत झाला. पोरगा रडायचा नाही, नुसता चिडायचा. ताट पुढं ठेवलं तरी अंगावर यायचा. एका डॉक्टरांनी 'वय आहे' म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. त्यात तीन महिने गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. कोवळ्या वयातलं नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपानं दिसतं, हे राजारामपुरीतल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडं गेल्यावर कळलं.

बाईंनी एक प्रश्न तीनदा फिरवून विचारला. कधी दोन-तीन तासच झोपून तो ओळीनं काही दिवस ताजातवाना, भरभर बोलत होता का? घरात कुणाला असं झालंय का? मला माझा भाऊ आठवला. एका गणपतीत चार रात्री जागून त्यानं उधारीवर दोन मोटारसायकली आणल्या होत्या. घरात त्यावर कधी कुणी बोललं नाही. लाज वाटत होती, तरी सांगितलं. बायपोलर आजार, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा अतिउत्साहाचा उन्माद, अनेकदा नैराश्यानंच सुरू होतो आणि अशा मुलाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो, म्हणून हा प्रश्न.

माझ्या मुलात तशी लक्षणं नव्हती. कमी डोसात फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी आणि दर आठवड्याला समुपदेशन असं ठरलं. अमेरिकेत ४३९ मुलांवर झालेला अभ्यास २००४ साली छापून आला. त्यात १२ आठवड्यांनी दोन्ही मिळून घेणारी ७१ टक्के मुलं सुधारली, नुसत्या गोळीवरची ६१.

त्या रात्री गोळीची माहिती वाचली आणि हातपाय गार पडले. त्याच २००४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं इशारा दिला होता: चाचण्यांत या गोळ्यांवरच्या सुमारे ४ टक्के मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या गोळीवरच्या २ टक्क्यांत. बाईंनी काही लपवलं नाही. त्या चाचण्यांत एकाही मुलानं जीव दिला नव्हता, पण पहिले आठवडे डोळ्यात तेल घालून बघा म्हणाल्या. गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात ठेवायचा आणि मुलाला थेट विचारायचं. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खाताना विचारलं. तो कागदाची घडी घालत बसला, बराच वेळ. मग म्हणाला, "दिवाळीत आलते. आता न्हाईत." मी बाईंना लगेच फोन लावला. रात्री-अपरात्रीसाठी सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फ्रीजवर चिकटवला.

सहाव्या आठवड्यात तो सलग सात तास झोपला. बरं वाटलं तरी गोळी निदान सहा महिने चालू ठेवायची आहे.

मागच्या महिन्यात भावालाही नेलं. त्याला लिथियम हे बायपोलरचं औषध दिलंय. थायरॉईड, किडनी आधीच तपासली. आता रक्तातली पातळी बघायला सोमवारी सकाळी लॅबमध्ये जायचंय, गोळी घेण्याआधी.