पाठ आयगरकडे, तोंड तळ्याकडे

स्वित्झर्लंडमधल्या शीनिगे प्लाटे या डोंगरावरच्या स्टेशनात गाडी थांबली की अख्खा डबा एकाच बाजूला धावतो. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही शिखरं ओळीने उभी. युंगफ्राऊ ४१५८ मीटर, म्हणजे डोळे दिपणारच. त्या गर्दीला मी नावं ठेवणार नाही, मीही तिथे उभी राहिले. पण स्टेशनच्या मागच्या अंगाला डाउबे नावाचं एक टेकाड आहे, आणि तिथून उत्तरेला खाली जे दिसतं त्याच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

झुरिकला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने, दादाने, ही वाट सुचवली: शीनिगे प्लाटेपर्यंत गाडी, पुढे फाउलहॉर्नवरून फिर्स्टपर्यंत पायी. इंटरलाकेनजवळच्या विल्डर्सविलहून दातेरी रुळांवरून गाडी निघते. रेल्वे १८९३ची, १९१४पासून विजेवर चालणारी. सात किलोमीटरला बावन्न मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ती ५८४ मीटरवरून १९६७ मीटरवर जाते. बाकं लाकडी, खिडक्या उघड्या, आणि वेग इतका कमी की रुळाकाठची फुलं सावकाश बघता येतात. काहीजण कंटाळून मोबाइलमध्ये शिरले होते. मला मात्र ती गाडी फार आवडली. डोंगर चढताना घाई नको, हे तिला बरोबर कळलंय.

डाउबेवर पोचलो आणि मी बसलेच. दादा म्हणाला, "अगं, अजून सोळा किलोमीटर जायचंय." म्हटलं, "दादा, तू हो पुढे. मी आहे इथेच."

पायाखालचा डोंगर दीड हजार मीटर सरळ खाली उतरलाय. खाली उजवीकडे ब्रिएन्झचं तळं, डावीकडे थूनचं, आणि दोन्हींच्या मधल्या सपाट पट्टीवर इंटरलाकेन. घरं, रेल्वे, बोटींचे धक्के, सगळं त्या एवढ्याशा पट्टीत. दोन्ही तळी एकाच नजरेत मावतात आणि दोन्हींचा रंग वेगळा! ब्रिएन्झ हिरवट, दुधाळ, थून जास्त निळं. फोटो काढले, पण एकातही तो फरक नीट उतरला नाही.

हे असं का, ते दादाने सांगितलं आणि माझं बघणंच बदलून गेलं. हिमनद्या वितळून मागे हटल्या तेव्हा इथे एकच लांबलचक तळं होतं. दक्षिणेकडून ल्युचीने नदी आणि उत्तरेकडून लोमबाख गाळ-गोटे आणून टाकत राहिल्या. हजारो वर्षांत मध्ये जमीन तयार झाली आणि तळ्याचे दोन तुकडे झाले. त्या जमिनीला ब्योडेली म्हणतात, इंटरलाकेन वसलंय ते तिच्यावर. आज ब्रिएन्झची पातळी ५६४ मीटर, थूनची ५५८. मधल्या त्या थोड्याशा उतारावरून आरे नदी एका तळ्यातून दुसऱ्यात जाते.

रंगाचं कारणही आरेच. ती हिमनद्यांखालून येते. बर्फ खडकावर घासून घासून जी बारीक भुकटी होते ती पाण्यात तरंगत राहते, उजेड विखुरते, आणि पाणी तसं हिरवट दिसतं. ब्रिएन्झच्या तळ्यात ही भुकटी आधी येते, बरीचशी तिथेच बसते. थूनच्या वाट्याला निवळलेलं पाणी. ल्युचीने जिथे ब्योनिगेनजवळ तळ्याला मिळते तिथे तर वरून स्पष्ट दिसत होतं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा एक पांढरट पट्टा काठापासून आत शिरून हळूहळू पसरत जात होता. मी कितीतरी वेळ तो पट्टाच बघत होते. जमीन घडताना दिसणं म्हणतात ते हेच. ब्योडेली याच गाळातून झाली आणि नदीचं काम अजून चालूच आहे.

रतनगडावरून भंडारदऱ्याचं पाणी मी लहानपणापासून पाहत आले आहे आणि त्याच्यावर माझा फार जीव आहे. पण ते माणसाने बांध घालून अडवलेलं पाणी. इथे बर्फाने कोरलेल्या खोल दरीत पाणी आपसूक साठलंय, ब्रिएन्झचं तळं अडीचशे मीटरहून खोल आहे. अर्थात माणसाने इथेही हात घातलाच. कांडर नदी पूर्वी थूनच्या तळ्याला वळसा घालून पुढे आरेला मिळायची आणि खालच्या गावांत पूर आणायची. १७१४ साली बर्नच्या कारभाऱ्यांनी मधली टेकडी पोखरून ती तळ्यात वळवली. तळ्यातून बाहेर पडणारी वाट मात्र तेवढी रुंद केली नव्हती, त्यामुळे पुराचा त्रास थून शहराच्या माथी आला. हे ऐकल्यावर खालचं शांत पाणी मला वेगळंच दिसायला लागलं.

माझ्याशेजारी बाकावर एक स्विस आजी येऊन बसल्या. काठी, जुनी पाठपिशवी, पायात झिजलेले बूट. दादाशी त्यांच्या बोलीत थोडं बोलल्या, मग पिशवीतून चीजचा तुकडा काढून चाकूने तीन भाग केले आणि आम्हाला दिले. काही विचारणं नाही, आग्रह नाही, फक्त चाकूच्या टोकावर तुकडा पुढे केला. स्विस माणसं तुटक असतात असं आपल्याकडे ऐकलं होतं. माझा अनुभव अगदी उलटा आहे, आणि तो तुकडा मी विसरणार नाही.

पुढे ओबरबर्गहॉर्न. सुळक्याच्या अंगाने लाकडी पायऱ्या नि शिड्या लावल्यात. त्या चढून माथ्यावर गेलं की तळं आणखी जवळ येतं. वाऱ्याने उभं राहू दिलं नाही, पण कठडा भक्कम आहे.

तिथून फाउलहॉर्नपर्यंतची वाट लांब आहे आणि मी ती भराभर सांगते. खडकांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा, फाट्यांवर पिवळ्या पाट्या, आणि पाट्यांवर किलोमीटर नाहीत, वेळ. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. डोंगरात अंतर कळून उपयोग काय? चुनखडीचा डोंगर आहे, पाणी मुरून जातं, त्यामुळे वाटेत ओढे जवळजवळ नाहीत. घरून निघतानाच बाटल्या भरून घ्या. झेगिसटालचं छोटं तळं तर असं की त्याला वरून बाहेर जायची वाटच नाही, पाणी जमिनीखालून निघून जातं. खडकांच्या खिंडीतलं मेंडलेनेनचं विश्रांतिगृह आलं तेव्हा चहा प्यायलो. कपाला पाच फ्रँक, आणि मला ते महाग वाटले नाहीत, कारण तिथवर गाडीरस्ता नाही. २६८१ मीटरच्या फाउलहॉर्नवर ढग आले होते. तिथे दिसलं फारसं काही नाही.

खाली बाखआल्पझेला मात्र मन खट्टू झालं. फिर्स्टच्या रोपवेच्या पाळण्याने माणसं वर येतात आणि तासाभरात या तळ्याशी पोचतात. पाण्यात शिखरांचं प्रतिबिंब पडतं ते टिपायला सगळी धडपड. एका दगडावर उभं राहून फोटो काढायला रांग लागली होती, आणि कोणी काठाचं कुंपण ओलांडून गवत तुडवत होतं. तिथलं गवत फार कमी दिवस वाढतं, बाकी वेळ बर्फाखाली. मी एका तरुणाला हिंदीत म्हटलं, "भाऊ, बाहेर ये." तो आला. वाद झाला नाही.

आता माझं खरं गाऱ्हाणं. आपल्याकडून जाणाऱ्या सहलींत युंगफ्राऊयोख, म्हणजे रेल्वेने जायची ती उंचावरची खिंड, असतेच. ३४५४ मीटरवर अर्धा दिवस, मग इंटरलाकेनमध्ये जेवण आणि बस. दोन्ही तळी खिडकीतून मागे जातात. त्याच दिवसात डाउबे बसवता येईल. गाडी वर नेऊन सोडते आणि पुढचा चढ अर्ध्या तासाचा. तळी कशी तयार झाली ते वाटेत कोणी सांगितलं, तर माणसं पन्नास फोटोंऐवजी दोन गोष्टी मनात घेऊन परततील.

माझ्या आईचे गुडघे दुखतात. सोळा किलोमीटर तिला झेपणार नाहीत, डाउबे झेपेल. ही गाडी फक्त जून ते ऑक्टोबर चालते, म्हणजे मेच्या सुट्टीत बेत जमत नाही आणि दिवाळी बहुतेकदा निसटते. आई आता निवृत्त आहे, तिला सुट्टीची अडचण नाही. जुलैची विमानाची तिकिटं बघायला घेतली आहेत.