लॉकस्टेपचं मेडल आलं, परफेक्ट मात्र अजून झुलवतंय

मंडळी, आलं एकदाचं! निन्टेंडो डीएसवरच्या 'रिदम हेवन' या तालाच्या गेममध्ये लॉकस्टेपवर 'सुपर्ब' हा मेडल देणारा शेरा मिळाला. परफेक्टचं, म्हणजे एकही चूक न करता खेळण्याचं, रडगाणं पुढे आहेच.

आधी फ्लिकचा, म्हणजे स्टायलस (टचस्क्रीनची काडी) स्क्रीनवर झटकण्याचा, निकाल. टेबल टेनिसवाल्या रिदम रॅलीत माझा चेंडू हुकत होता तो स्क्रीन प्रोटेक्टरमुळेच. ऑनलाइन मागवलेला जाडा प्रोटेक्टर ओरबाडून काढला आणि फ्लिक झकास लागायला लागली. डीएस लाइटचा टचस्क्रीन दाबावर चालतो. वरचा थर वाकून खालच्याला टेकला तरच टच लागतो. म्हापशात एक मोबाइलवाला तर टेम्पर्ड ग्लास लावून देतो म्हणून मागेच लागला. काच वाकणार कशी, बाबा? त्याच्याकडचा लांब होणारा धातूचा स्टायलसही घेऊ नका. पावसाळ्याच्या दमट हवेत तो घामट बोटांतून सटकतो. कन्सोलसोबत येणारी प्लॅस्टिकची काडीच बरी. आणि युरोपातला गेम चालेल का असं ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: युरोपात हाच गेम 'रिदम पॅरडाइज' नावाने आला होता, डीएस लाइटला रीजन लॉक (दुसऱ्या देशातला गेम न चालण्याचं बंधन) नाही, बिनधास्त घ्या.

आता लॉकस्टेप. यात तालावर पावलं टाकायची, आरोळी आली की मात्रेवरून ऑफबीटवर, म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या जागी, जायचं आणि पुढच्या आरोळीला परत मात्रेवर यायचं. ऑफबीटवर जाणं मला जमत होतं, घोळ व्हायचा तो परत येताना. अर्ध्या मात्रेवर थोडी पावलं टाकली की कानाला तीच मूळ मात्रा वाटायला लागते. मग परतीची आरोळी आली की सगळंच उलटंपालटं. त्यात कॅमेरा मागे मागे जातो, आपला गडी गर्दीत मुंगीएवढा होतो आणि शेजाऱ्यांची पावलं बघून मारायची सोयही संपते. गेममधल्या कॅफेच्या मालकाने तर 'हवं तर हा सोडून पुढे जा' असं सुचवलं. इतक्या गोड शब्दांत इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता.

तोंडाने 'एक अन् दोन अन्' मोजून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. डोळे मिटल्याने फरक पडला, कारण निदान कॅमेरा छळत नाही. पण परतीला पाय घसरायचाच.

तोड निघाली ती मामांकडून. आमच्याकडे चतुर्थीच्या घुमट (मातीचं चर्मवाद्य) आरत्यांची तालीम चालू आहे आणि मामा कासाळे (झांजा) वाजवतात. हेडफोन काढून त्यांना नुसता आवाज ऐकवला. स्क्रीनकडे त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, "तू हातानेच मोजतोस नि हातानेच वाजवतोस. ताल पायात ठेव, हात मोकळा सोड." मग तालमीत त्यांच्या पायाकडेच बघत बसलो. घुमटावर कसलीही कलाकुसर चालू असो, मामांची टाच सरळ मात्रेवरच पडत होती.

तर पद्धत अशी: टाच प्रत्येक मात्रेला जमिनीवर, काहीही झालं तरी. ऑफबीटला टाच वर असताना स्टायलस टेकवायचा. परतीची आरोळी आली की पायाला काही करायचंच नाही, हाताने टाचेला येऊन मिळायचं. त्याच संध्याकाळी मेडल! शेवटच्या परतीला टाच आणि स्टायलस एकदम पडले तेव्हा मी आरडाओरडा केला, आजी देवघरातून बाहेर आली.

(मोबाइलवर इम्युलेटर, म्हणजे डीएसची नक्कल करणारं ॲप, चालवणाऱ्यांनी हे करून बघून मला शिव्या देऊ नयेत. ब्लूटूथ इअरफोनवर आवाजच उशिरा पोचतो, तिथे टाच काय करणार? साधा वायरवाला हेडफोन घ्या.)

आणि मग परफेक्टची ऑफर आली. तीनच संधी, त्यातल्या दोन गेल्या. परत येताना नव्हे, साध्या सरळ चालीत! टाच आपटली की मांडी हलते, मांडीवरचा कन्सोल हलतो आणि टॅप अर्धवट लागतो. टेबलावर ठेवावा, तर पुस्तकासारखा उभा धरायचा कन्सोल आडवा पडल्यावर माझा हातच चालत नाही.

पुढे सहावा रीमिक्स (आधीचे खेळ एकत्र करून केलेली फेरी) घ्यायचा ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच सुचलं: टाच कशाला, चपलेतल्या चपलेत नुसता पायाचा अंगठा हलवला तर? मांडी हलणार नाही. म्हणजे रीमिक्स राहू दे, तिसरी संधीही तशीच ठेवतो आणि आधी ग्ली क्लबवर, म्हणजे गाणाऱ्या पोरांच्या खेळावर, अंगठ्याची परीक्षा घेतो. तिथे तोंड बंद ठेवायला स्टायलस सतत टेकवून धरावा लागतो. कन्सोल जरा जरी हलला तर पोरगा मध्येच बोंबलेल आणि बाजूचे दोघे त्याच्याकडे डोळे वटारून बघतील, म्हणजे लगेच कळेल.