थाळी नंबर दोन: शेंगदाण्यांना पुन्हा बुरशी, पण चोर सापडला

पाखरांना दाणे घालायच्या दुसऱ्या थाळीतले शेंगदाणे चौथ्या दिवशी पुन्हा गेले. थाळीवरच्या छपराची वळचण नऊ इंच वाढवून झाली, तळाला पत्र्याऐवजी बारीक जाळी बसली, तरी तेच. दाणा वरून धडधाकट, साल शाबूत. दोन पाकळ्या वेगळ्या केल्या की आत कोंबाजवळच्या खळग्यात हिरवट-पिवळी भुकटी. अशा बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष पाखरांच्या यकृतावर घाला घालतं आणि भाजून, उन्हात घालून ते जात नाही. त्यामुळे निवडत बसायचं नाही, अख्खी पिशवी फेकायची. कोंबड्यांनाही घालायची नाही.

इतके दिवस संशय थाळीवर होता. खरा दोष डब्यात निघाला. संध्याकाळी उरलेलं खाद्य परत डब्यात जात होतं. बेळगाव-खानापूर पट्ट्यात थंडीत पहाटे पत्र्यावरून टिपटिप गळण्याइतकं दव पडतं. ते दव मुरलेले दाणे संध्याकाळी हाताला कोरडे लागले तरी आतून दमट असतात. वर घट्ट झाकण बसलं की ती ओल चांगल्या दाण्यांतही उतरते. थाळीत कधीच न गेलेल्या, डब्याच्या तळच्या दाण्यांनाही कुबट वास होता, तिथेच उलगडा झाला.

तेव्हा आता एकच नियम: बाहेर गेलेला दाणा आत येत नाही. दव उतरल्यावर, साडेआठच्या सुमारास 80 ग्रॅम घालायचं: 45 बाजरी, 25 राळे, 10 कच्चे बिनमिठाचे शेंगदाणे, तांदळाएवढे कुटलेले. दुपारी एकला काही उरलं तर ते खतात, आणि दुसऱ्या दिवशी 20 ग्रॅम कमी. गेले सहा दिवस डबा स्वच्छ आहे. शिवाय राळ्यांवर ठिपकेवाल्या मुनिया उतरू लागल्यात, काल एकदम सात! आधी चिमण्या आणि होल्यांपलीकडे कोणी फिरकत नव्हतं.

खरेदीचं म्हणाल तर पाकीटबंद मिश्रणापेक्षा रविवार पेठेतलं सुटं धान्य केव्हाही बरं. मूठभर घेऊन वास घेता येतो, पोरकिडा दिसतो. मात्र शाळू-हरभऱ्याच्या पेरणीतून उरलेलं लाल-गुलाबी बियाणं कोणी फुकट दिलं तरी नको. त्यावर औषध चोळलेलं असतं, धुऊन भरवशाचं होत नाही. खारे चुरमुरे नकोत, मिठासाठी. पावानं पोट भरतं, अंगी लागत नाही. शिळा भात आंबतो. त्यापेक्षा कोरड्या कण्या घाला. बुलबुलाला दाण्यात रस नसतो, त्याला पपईची फोड पुरते.

आठवड्यातून एकदा थाळी घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवायची, खळखळून धुवायची आणि कडक उन्हात पूर्ण वाळवायची.

तिसऱ्या थाळीसाठी फळ्या कापायला काढल्या होत्या, पण हे लिहिता लिहिताच तो बेत बदलला. कणसंच टांगली तर? जुन्या घरांच्या ओट्यावर टांगायचे तशी. कणीस चहूबाजूंनी वाऱ्यावर राहतं, दव लवकर सुकतं, विष्ठाही दाण्यात साचत नाही. बाजरीची चार कणसं, सुतळीनं बांधून, मांजराची झेप पोचणार नाही इतक्या उंचीवर. नायलॉनची दोरी नको, पाखरांचे पाय अडकतात. शाळूची कणसं फेब्रुवारीनंतर मिळतील, तोवर बाजरीवर बघू.