केशवरावांच्या जयंतीच्या दिवशी

९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

पेपरच्या करमणुकीच्या पानावर नागा चैतन्य आणि शोभिता धुलिपाला यांच्या साखरपुड्याचे फोटो आहेत. सुखात राहोत दोघं. खाली १५ ऑगस्टला एकाच दिवशी येणाऱ्या 'स्त्री २', 'वेदा' आणि 'खेल खेल में'ची चर्चा. एरवी हे पान मी चवीनं वाचते. आज नजर ठरेना. रात्रीपासून मोबाइलवर एकच व्हिडिओ येतोय: कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळतंय, छपरातून ज्वाळा वर जातायत.

ही बातमी पेपरात दुर्घटना म्हणून आली आहे. मला वाटतं, ती कलेच्या पानावर सगळ्यात वर हवी होती.

शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, तिथली नाट्यगृहं आणि आखाडे त्यांनी पाहिले. परत आल्यावर कोल्हापुरात त्यांनी खासबागचं कुस्त्यांचं मैदान आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं केलं. १९१५ साली थिएटर खुलं झालं. एका बाजूला पैलवान शड्डू ठोकतोय, दुसऱ्या बाजूला नांदी चालू आहे, आणि दोघांच्या पाठीशी एकच राजा! पुढे या थिएटरला केशवरावांचं नाव मिळालं. आज त्यांची जयंती. आदल्या रात्रीच हे घडावं, हे मनाला फार लागलं.

गायकनट केशवराव याच कोल्हापूरचे, जन्म १८९०चा. पोरवयात नाटक कंपनीत गेले, 'शारदा' गाजवली, १९०८ मध्ये हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केलं: ते नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. त्यानंतर तीनच महिन्यांत गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. एवढ्याशा आयुष्यात माणसानं केवढं काम करून ठेवलं.

आमची हौशी मंडळी. राज्य नाट्य स्पर्धेला टेंपोतून लेव्हल्स (उंचवट्यासाठीचे लाकडी चौथरे) आणि फ्लॅट्स (देखाव्याच्या चौकटी) घेऊन याच नाट्यगृहात यायचो, नेपथ्य लागेपर्यंत दुपार उलटायची. मग दिग्दर्शक एकेकाला मधोमध उभं करून एक वाक्य म्हणायला लावायचे आणि स्वतः पार मागच्या रांगेत जाऊन बसायचे. ओरडायचं नाही, माइक नाही. शेवटचं अक्षर खाल्लं तर तिथून हात वर व्हायचा. आवाज टाकायला मी तिथं शिकले. तिसरी घंटा झाली, 'रंगदेवतेला आणि रसिक प्रेक्षकांना विनम्र अभिवादन करून' ऐकू आलं की विंगेत हात गार पडायचे.

दगडी भिंती उभ्या आहेत म्हणतात. आत रंगमंच, खुर्च्या, छप्पर, सगळं गेलं. आता 'होतं तसंच बांधू' असं सगळे म्हणताहेत, आणि तसंच व्हायला हवं. पण होतं तसं म्हणजे नुसता दर्शनी भाग नव्हे. रंगमंचाची खोली, विंगांची जागा, बसायच्या उताराचा कोन, आवाज कसा फिरायचा, हे सगळं जमलं पाहिजे. त्यासाठी लाइटवाले, नेपथ्यवाले, पडदा ओढणारे यांना पहिल्या बैठकीपासून बसवा. सत्कार आणि मेळाव्यांसाठी एक चकचकीत हॉल उभा राहिला तर कोल्हापूरचं नाटक पोरकं होईल.

आणि बाकीच्या गावांनीही आपापली नाट्यगृहं आजच तपासावीत. रंगमंचावर सगळं पेट घेणारंच असतं: लाकडी फळ्या, मखमली पडदे, प्लायवूड, वर दिवे टांगायच्या बारवर तापलेले स्पॉट. वायरिंग कधी बदललं, आग विझवायचे सिलिंडर भरलेले आहेत का, मागचं दार प्रयोगाच्या वेळी उघडं असतं का, हे कुणी विचारतच नाही.

दुपारी कोल्हापूरच्या मैत्रिणीचा फोन आला. सकाळपासून तिथं कलाकारांची गर्दी आहे, जुनी जाणती माणसं ढसाढसा रडतायत. तिलाही बोलवेना. आज नागपंचमी. केलेली दिंडं तशीच झाकून ठेवली आणि कपाटातले स्पर्धेचे अल्बम खाली काढले. बहुतेक फोटोंत आमचेच चेहरे आहेत, पण काहींत मागे रंगमंचाची कमान आणि वरच्या झालरी स्पष्ट दिसतात, एकात बाल्कनीचा कठडाही आहे. बांधणाऱ्यांच्या कामाला येतील. असे फोटो ज्यांच्या घरी असतील त्यांनी जपून ठेवा, मागच्या बाजूला साल लिहा. माझे स्कॅन करून रात्रीपर्यंत तिला पाठवतेय.