आमची वाटचाल : उजव्या हाताच्या शोधात

आमच्याकडून गेलेलं आणि परत आलेलं पहिलं काम तीस सेकंदांचं होतं. एका जाहिरातीचं पार्श्वसंगीत. पियानो, शेकर, बेस आणि पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत चालणारी अकूस्टिक गिटार. ग्राहकाला बाकी सगळं पसंत पडलं होतं. त्यांनी एकच ओळ लिहून पाठवली होती, "गिटार कुणी वाजवलीये असं वाटत नाही." खरंच कुणी वाजवली नव्हती. कीबोर्डवर दोन्ही हातांनी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, दाबून ती मीच बसवली होती.

तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी कीबोर्डवाला आणि माझा भागीदार ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग बघणारा. गिटार दोघांनाही येत नव्हती. जाहिराती, ऑडिओबुकं, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, लघुपट असलं काम आम्ही घेत होतो, आणि अशा कामांत अकूस्टिक गिटार हवीच असते. पियानोने जरा गंभीर वाटतं, सिंथने जरा थंड वाटतं. गिटार आली की लोकांना आपलंसं वाटतं. दर वेळी वादक का बोलावत नव्हतो? कारण अशा कामात बदल फार होतात. तीस सेकंदांचं वीस करा, गाणारीचा स्वर अर्ध्याने खाली घ्या, लय थोडी वाढवा, आणि हे सगळं उद्या सकाळपर्यंत. त्यात आमची खोली इतकी शांत नव्हती की तिथे अकूस्टिक गिटारसमोर माइक लावावा. म्हणून गिटारचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर, म्हणजे व्हर्च्युअल गिटार, शोधायचं ठरलं.

त्याआधी कीबोर्डवर बसवलेली तीच गिटार सुधारण्यात आम्ही बरेच दिवस घालवले. माझी पहिली चूक कॉर्डमध्येच होती. कीबोर्डवर सी कॉर्ड म्हणजे माझ्या हाताला सी, ई, जी असे शेजारचे तीन स्वर. गिटारवर तीच कॉर्ड पाच तारांवर पसरते: सी, ई, जी, वरचा सी आणि वरचा ई. जी कॉर्डमध्ये तर सहाही तारा वाजतात आणि स्वर येतात जी, बी, डी, जी, बी, जी. एकाच कॉर्डमध्ये जी तीनदा! कीबोर्डवर मी असा हात कधीच टाकला नसता. पण कान नकळत तीच रचना ऐकायला सरावलेला असतो, आणि ती नसली की काहीतरी खोटं आहे हे संगीत न शिकलेल्या माणसालाही कळतं.

दुसरी चूक वेळेची होती. पिक, म्हणजे तारा छेडायची पट्टी, सगळ्या तारांना एकदम लागत नाही, एकामागून एक लागते. मग मी प्रत्येक कॉर्डमधला प्रत्येक स्वर माउसने थोडा थोडा पुढे सरकवला, सात मिलिसेकंद, बारा मिलिसेकंद. चार-चार मात्रांचे आठ बार दुरुस्त करायला अख्खी संध्याकाळ लागली. तरी प्रत्येक झटक्याला तोच तो आवाज येत होता, कारण त्या कीबोर्डमध्ये प्रत्येक स्वराचं एकच रेकॉर्डिंग होतं. सारखी व्हेलॉसिटी (म्हणजे स्वराचा जोर), सारखं रेकॉर्डिंग, दर अर्ध्या मात्रेला. हुबेहूब ठसा पुन्हा पुन्हा उमटला की कान तो लगेच पकडतो.

शेवटी ते काम वाचवायला आम्ही एका गिटारवादकाला बोलावलं. पुढे तोच आमचा तिसरा भागीदार झाला. त्याने आधी माझा ट्रॅक शांतपणे ऐकला आणि म्हणाला, "तू डाव्या हाताचा विचार केलायस. उजव्याचा केलेला नाहीस."

मग त्याने गिटार घेतली आणि लय अगदी संथ करून मला नुसतं बघायला सांगितलं. उजवा हात थांबतच नाही. चार मात्रांच्या बारमध्ये तो आठ वेळा हलतो, मात्रेवर खाली आणि मधे वर. यातल्या काही फेऱ्या तारांना न लागता हवेतूनच जातात. आपल्याला ऐकू येणारा पॅटर्न म्हणजे त्या आठांपैकी लागलेले पाच-सहा झटके. रिकाम्या फेऱ्यांमुळेच लागलेल्या झटक्यांना वजन येतं, कारण हाताचा झोका चालूच असतो. खाली जाताना जाड तारांपासून सुरुवात होते. वर येताना पातळ तारांपासून, आणि बहुतेकदा तीन-चार तारांतच हात सुटतो. माझ्या ट्रॅकमध्ये वर येणारा प्रत्येक झटका सहाही तारांवर होता.

त्याने दाखवलेली आणखी एक गोष्ट माझ्या मनात आजही सगळ्यात वर आहे. कॉर्ड बदलायची असते तेव्हा डावा हात मात्रेवर उचलला जात नाही, जरा आधीच उचलला जातो, नाहीतर पुढच्या कॉर्डवर वेळेत पोचणार कसा? त्यामुळे बदलाच्या आधीचा शेवटचा वरचा झटका पुष्कळदा मोकळ्या तारांवर पडतो, अर्धवट दाबलेला, थोडा धूसर. त्या धूसर झटक्यात कॉर्डचा शुद्ध स्वर नसतो, पण माणूस असतो. मी हे सगळं वहीत उतरवलं, आणि पुढे सॉफ्टवेअर निवडताना ती वहीच आमचं मोजमाप झाली.

बाजारात नावं पुष्कळ दिसतात, पण आत डोकावलं की मार्ग तीनच आहेत हे हळूहळू लक्षात आलं.

पहिल्या मार्गात खऱ्या वादकाचे स्ट्रमिंग, म्हणजे तारांवर हात फिरवून वाजवण्याचे, पॅटर्न रेकॉर्ड केलेले असतात. आपण कॉर्ड दाबायची, पॅटर्न निवडायचा, बाकी सॉफ्टवेअर बघतं. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची सेशन गिटारिस्ट मालिका, तिच्यातलं स्ट्रम्ड अकूस्टिक, आणि यूजॅमच्या व्हर्च्युअल गिटारिस्ट मालिकेतलं अँबर ही याची ओळखीची उदाहरणं. यात उजवा हात खऱ्या माणसाचा असतो, म्हणून पहिल्या मिनिटातच ऐकणारा खूश होतो. मर्यादाही तिथूनच येते. गाण्यातल्या एखाद्या शब्दावर आपल्याला हवा तसा आघात किंवा मधेच एक झटका गाळणं हे त्या वादकाने जितकं वाजवून ठेवलंय तितक्यातच बसवावं लागतं.

दुसऱ्या मार्गात प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेटवरचा (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीवरचा) स्वर वेगळा रेकॉर्ड करतात आणि त्यावर स्ट्रमिंगचं इंजिन बसवतात. अँपल साउंडचं अँपल गिटार एम मार्टिन डी-41 या गिटारवरून बनवलेलं आहे, आणि त्याची लाइट आवृत्ती मोफत मिळते. आमचा सराव त्याच आवृत्तीवर झाला. म्युझिकलॅबचं रिअलगिटारही याच घराण्यातलं. यात प्रत्येक झटका आपल्या हातात असतो, म्हणून चुकाही आपल्याच.

रेकॉर्डिंगच्या अशा लायब्ररी एवढ्या मोठ्या का असतात, हे मी एकदा कागदावर मांडून बघितलं. सहा तारा, प्रत्येकीवर मोकळ्या तारेसकट 15 जागा, म्हणजे 90 स्वर. प्रत्येकाचे हळू ते जोरात असे 4 स्तर, प्रत्येक स्तराची 4 वेगवेगळी रेकॉर्डिंग म्हणजे राउंड रॉबिन, आणि खालचा व वरचा असे 2 झटके. झाली 2,880 रेकॉर्डिंग. प्रत्येक सहा सेकंदांचं धरलं, तर 48,000 हर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ या हिशेबाने जवळपास 5 जीबी होतात. यात म्यूट, स्लाइड, बोट सरकल्याचा आवाज धरलेलाच नाही. हा हिशेब झाल्यापासून "एवढी जागा कशाला?" असं मी विचारत नाही. मात्र राउंड रॉबिन किती, हे आवर्जून विचारतो.

तिसरा मार्ग मला मनापासून आवडतो. यात रेकॉर्डिंग नसतंच. तार कशी कंप पावते याचं गणित संगणक त्या क्षणी सोडवतो आणि आवाज तयार करतो. केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी 1983 मध्ये छेडलेल्या तारेचा आवाज निर्माण करायची सोपी रीत मांडली: गोंगाटाचा एक छोटा तुकडा फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीला त्याची धार थोडी बोथट करायची. नवल म्हणजे त्यातून तार ऐकू येते! अप्लाइड अकूस्टिक्स सिस्टिम्सचं स्ट्रम जीएस-2 अशा भौतिक प्रतिमानावर चालतं. डिस्कवर जागा अगदी कमी लागते आणि एकच रेकॉर्डिंग परत परत वाजण्याचा प्रश्नच येत नाही.

निवड करायला आम्ही एक चाचणी ठरवली. जी, डी, ई मायनर, सी या चार कॉर्ड, सोळा बार, लय मिनिटाला 96 मात्रा. ज्या सॉफ्टवेअरच्या चाचणी किंवा मोफत आवृत्त्या मिळाल्या त्या सगळ्यांवर हेच वाजवलं, आणि त्यात आमच्या गिटारवाल्याचं खरं रेकॉर्डिंगही मिसळून दिलं. फाइलींना नुसते आकडे दिले. आधी प्रत्येक फाइल एकटी ऐकली, मग बेस, शेकर आणि आवाजाबरोबर.

दोन्ही वेळचे निकाल वेगळे आले, आणि याची आम्हाला अजिबात कल्पना नव्हती. एकटं ऐकताना भरदार, लाकडाचा गुंजारव असलेल्या फाइली वर आल्या. मिक्समध्ये त्याच फाइलींनी गाणाऱ्याचा आवाज झाकला, आणि तिथे पातळ, कोरडा आवाज पुढे आला. खऱ्या रेकॉर्डिंगचंही तेच झालं. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे नमुने बहुतेकदा एकट्या गिटारचे असतात, म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो: निवड आपल्या मिक्समध्ये बसवून करा.

दोन ठिकाणी आम्हाला ठेच लागली. एक लायब्ररी आम्ही सवलत बघून घाईत घेतली आणि नंतर कळलं की ती मोफत प्लेअरमध्ये पूर्णपणे चालत नाही, मूळ सॅम्पलर, म्हणजे ही रेकॉर्डिंग वाजवणारं पूर्ण सॉफ्टवेअर, वेगळा विकत घ्यावा लागतो. प्लेअरमध्ये ती पंधरा मिनिटांनी बंद पडायची. आता खरेदीआधी आम्ही तेवढं एक वाक्य शोधून वाचतो.

दुसरी ठेच परवान्याची. आमच्या मनात होतं की चांगले स्ट्रमिंग पॅटर्न बनवून ते लूप (पुन्हा पुन्हा वाजवता येणारे छोटे तुकडे) म्हणून विकावेत. दोन आठवडे काम केलं. मग परवान्याचा मजकूर नीट वाचला. पूर्ण संगीतात त्यातला आवाज वापरायला परवानगी होती, पण तोच आवाज सुटा लूप किंवा सॅम्पल म्हणून विकायला स्पष्ट मनाई. आणि ते योग्यच आहे, दुसऱ्याने तार तार रेकॉर्ड केलेली मेहनत आम्ही वेगळ्या पाकिटात कशी विकणार? तो बेत आम्ही सोडला. तेव्हापासून ग्राहकाने गिटारचा सुटा ट्रॅक मागितला तरी आधी परवाना उघडतो.

शेवटी आम्ही दोन सॉफ्टवेअर ठेवली. कच्चा आराखडा ऐकवायला पॅटर्नवालं आणि पक्क्या कामाला तारांवर आधारलेलं. तिसऱ्या मार्गाचं मी अधूनमधून घेतो, जिथे गिटार थोडी अनोळखी वाटली तरी चालते.

सॉफ्टवेअर आलं म्हणजे काम संपलं असं झालं नाही. एकदा गाणारीचा स्वर ए फ्लॅटमध्ये होता, तेव्हा इंजिनाने चौथ्या फ्रेटवरच्या बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायच्या) निवडल्या. आवाज जड आणि बंद. आमचा गिटारवाला म्हणाला, अशा वेळी मी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जीच्या आकारात वाजवीन. सॉफ्टवेअरमधला कॅपो एकवर ठेवला आणि मोकळ्या तारांची चमक परत आली. तोवर कॅपोचं ते बटण मी कधी दाबलंही नव्हतं.

डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन गिटार हव्या असल्या की ट्रॅकची नक्कल करून दुसऱ्या बाजूला टाकणं उपयोगाचं नाही. दोन्ही हुबेहूब एकच असतात, म्हणून ऐकताना मधोमध एकच गिटार उरते. मी दुसरा ट्रॅक कीबोर्डवर पुन्हा वाजवतो, कॅपो बदलून, वेगळ्या आकारात. बेस असेल तर गिटारचा तळ शंभर हर्ट्झच्या आसपास छाटतो. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झला बोलते, आणि मिक्समध्ये ती जागा बेसची.

झटक्याचा वेगही ठरून गेलाय. 120 च्या लयीत अर्धी मात्रा 250 मिलिसेकंदांची होते. तिथे सहा तारा ओलांडायला 20 ते 30 मिलिसेकंद ठेवले की झटका ताठ आणि आनंदी वाटतो. कडव्याच्या शेवटी तेच अंतर शंभराच्या पुढे नेलं की हात रेंगाळल्यासारखा वाटतो. वर येणाऱ्या झटक्यांत मी जाड दोन-तीन तारा काढूनच टाकतो. आणि कॉर्ड बदलण्याआधीचा तो धूसर, मोकळ्या तारांचा झटका मी प्रत्येक वेळी हाताने लिहितो. आम्ही वापरतो त्या इंजिनांना तो आपोआप सुचत नाही.

एक नियम आम्ही तिघांनी मिळून केलाय. गिटार एकटी असेल, चालीचा जीवच गिटार असेल, तर सॉफ्टवेअर वापरायचं नाही. तिथे आमचा माणूस वाजवतो, खोली शांत होईपर्यंत रात्री उशिरा थांबून. बाकी ठिकाणी व्हर्च्युअल गिटार आहे हे ग्राहकाला आधीच सांगतो. कुणी नाही म्हटलेलं नाही, पण एक-दोघांनी मुद्दाम खरी मागितली आणि ती दिली.

गेल्या महिन्यात मी परत आलेलं ते तीस सेकंदांचं काम पुन्हा उघडलं आणि वहीतल्या नोंदी समोर ठेवून गिटार नव्याने लिहिली. मग आमच्या गिटारवाल्याला हेडफोन दिले. त्याने तीनदा ऐकलं आणि दोन जागा दाखवल्या. सहाव्या बारमध्ये सलग दोन खालचे झटके होते आणि मधली वरची रिकामी फेरी मी धरलीच नव्हती. ती लगेच सुधारली. दुसरी जागा अगदी शेवटची. तो कॉर्ड बंद करतो तेव्हा उजव्या तळव्याची कड तारांवर पडते, डावी बोटं सैल होतात, तारा मागेपुढे विझतात आणि लाकडावर हलकी थाप ऐकू येते. माझ्या ट्रॅकमध्ये सहाही तारा एका क्षणी गप्प होतात. प्रत्येक तारेचा शेवट मी वेगळा सरकवून पाहिला, थापेचा आवाज वेगळा मिसळून पाहिला. अजून तो मान हलवतो, आणि मी दर शनिवारी तो शेवटचा बार पुन्हा उघडतो.