माटोळीची चौकट आणि दोन कर्ण

चवथीला चार दिवस होते आणि माळ्यावरून माटोळी खाली काढली तर दोन रिपा वाळवीने पार पोखरलेल्या. (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगतात ती लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगणं, रानातली फळं बांधायची, वजन बरंच होतं.) म्हटलं नवीनच करूया, 4 फूट बाय 3 फूट. सातवीतली लेक मदतीला.

4 च्या दोन रिपा, 3 च्या दोन, टेप लावून नीट कापल्या आणि कोपऱ्यात एकेक खिळा मारला. बाय म्हणाली, "पपा, ही कलल्यासारखी दिसते." मी म्हटलं अगो, समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत ना, मग आयतच झाला! तिने काही न बोलता टेप घेतला आणि कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात मापलं. एक कर्ण 5 फूट 2 इंच, दुसरा 4 फूट 10 इंच.

बाजू चारही बरोबर आणि आकार मात्र समांतरभुज चौकोन! मग आम्ही लांब कर्णाचे दोन कोपरे धरून हळूहळू आत दाबत गेलो, 61 इंच, साडेसाठ, आणि दोन्हीकडे बरोबर 60 आले तेव्हा थांबलो. गुण्या लावला तर चारही कोपरे काटकोनात. असं का होतं ते तिला रिपांवरच दाखवलं: कर्ण सारखे झाले की शेजारच्या दोन कोपऱ्यांवरच्या त्रिकोणांच्या तिन्ही बाजू जुळतात, म्हणजे ते दोन कोन सारखे, आणि त्यांची बेरीज तर 180, मग प्रत्येकी 90 शिवाय दुसरं काय येणार?

आणि 60 इंच म्हणजे 5 फूट. 3, 4, 5! घराचा पाया आखताना मेस्त दोरीने हेच करतात, कोपऱ्यातल्या खुंटीपासून एकीकडे 3 फूट, दुसरीकडे 4, मधलं अंतर 5 आलं की कोपरा काटकोनात, मग फक्की टाकायची. जागा मोठी असेल तर 6-8-10 घेणं चांगलं, कारण छोट्या मापातली किंचित चूक लांब भिंतीत वाढत जाते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखायला दोरीच आहे, आणि आयताच्या कर्णावरचा चौरस म्हणजे दोन्ही बाजूंवरच्या चौरसांची बेरीज हा नियमही तिथे आहे, हे सांगितलं तेव्हा बायचे डोळे असे मोठे झाले.

तिचा पुढचा प्रश्न, मग चौरस पण आयतच का? हो, चारही बाजू सारख्या असलेला आयत. फक्त त्याचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात, आमच्या माटोळीचे तसे छेदत नव्हते, तेही तिने गुण्या ठेवून बघितलं.

चौकट पुन्हा कलू नये म्हणून चारही कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या ठोकल्या, त्रिकोण झाला की हलत नाही. तोरिंगणं बांधल्यावर बायने स्टुलावर चढून परत कर्ण मापले. 60 आणि 60.