एका शब्दापाशी थांबताना

मानव्यविद्यांच्या पदवी अभ्यासक्रमातला माझा पहिला निबंध तपासून परत आला, तेव्हा ‘त्या काळचे लोक असे मानत असत’ या वाक्यातील ‘लोक’ या शब्दाभोवती वर्तुळ काढलेले होते आणि समासात एवढेच विचारले होते : ‘कोणते?’ ज्या दोन ग्रंथांच्या आधारे मी ते विधान केले होते, त्यांचे लेखक राजाश्रयाने राहणारे विद्वान पुरुष होते. शेतात राबणाऱ्यांना किंवा स्त्रियांना काय वाटत होते हे मला ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक नाही याची जाणीवही नव्हती. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांचा विद्यापीठात अभ्यास करायचा म्हणजे पुष्कळ वाचायचे आणि लक्षात ठेवायचे, ही माझी समजूत तेथे प्रथम डळमळली.

ती पुरती मोडली लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन पंडिताने १४४० मध्ये लिहिलेला प्रबंध वाचताना. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने चौथ्या शतकात साम्राज्याच्या पश्चिम भागाची सत्ता पोप सिल्व्हेस्टर यांना अर्पण केली, असे सांगणारे एक दानपत्र मध्ययुगात पोपच्या राजकीय अधिकाराचा पुरावा म्हणून पुढे केले जात असे. ते बनावट असल्याचे व्हाल्लाने मुख्यतः भाषेवरून दाखवले. दानपत्रातील लॅटिन चौथ्या शतकातील नाही, आणि सम्राटाच्या अधिकाऱ्यांना त्यात ‘सत्रप’ (प्राचीन इराणी साम्राज्यातील प्रांताधिकारी) म्हटले आहे, जो शब्द रोमन राज्यकारभारात त्या अर्थाने वापरातच नव्हता. (आपल्याला परिचित असलेला ‘क्षत्रप’ हा शब्दही त्याच प्राचीन इराणी मुळातून आला आहे.) आज अभ्यासक हे दानपत्र सर्वसाधारणपणे आठव्या शतकातील मानतात.

चर्चासत्रात खरा वाद झाला तो यानंतर. व्हाल्ला ज्याच्या पदरी होता, त्या अ‍ॅरागॉनच्या राजा अल्फोन्सोचा नेपल्सच्या गादीवरून पोपशी संघर्ष चालू होता. मग हा प्रबंध निःपक्षपाती कसा मानायचा? काहींच्या मते त्याचे मोलच उणावले. मी मात्र हेतूची चौकशी अप्रस्तुत आहे असे आग्रहाने मांडत राहिले. प्राध्यापकांनी दोन प्रश्न वेगळे करायला सांगितले : त्याने हा शोध का घेतला, आणि त्याला जे सापडले ते टिकते का? शोधणाऱ्याचा हेतू काहीही असो, ‘सत्रप’ हा शब्द त्या कागदावर आहेच. परंतु राजाचे पाठबळ नसते तर तो उघडपणे दाखवण्याचे धाडस व्हाल्लाने केले असते का, हा प्रश्नही तितकाच खरा, आणि माझा आग्रह त्यालाच बगल देत होता. आजही एखादा आरोप किंवा अहवाल वाचताना मी हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू देत नाही.

उपजीविकेविषयी थोडक्यात सांगते. या पदवीला ठरलेली नोकरी जोडलेली नसते आणि हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये. पण ज्याला हा अभ्यास मनापासून करायचा आहे, त्याने एखादी जुनी भाषा आरंभापासूनच शिकावी, असे मी कळकळीने सुचवेन. आम्ही तो प्रबंध भाषांतरातून वाचला होता. म्हणजे ज्या शब्दावर एवढा वाद घातला, तो मी स्वतः पाहिलाच नव्हता, भाषांतरकारावर विश्वास ठेवला होता. ही उणीव मला बोचत राहिली आणि दुसऱ्या वर्षी मी लॅटिनच्या वर्गात बसले. वर्षाच्या शेवटी शब्दकोश शेजारी ठेवून मी दानपत्राचा एक उतारा मुळातून वाचायला घेतला. काही ओळींसाठी सबंध दुपार गेली. एका वाक्यात सिनेटच्या अगदी लगत ते सत्रप उभे होते, आणि त्यांचे तेथे असणे मला प्रथमच, कोणी न सांगता, खटकले.